तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा हीलरच का?

नवा व्हिडिओ गेम सुरू करून मी क्लास, म्हणजे आपल्या पात्राचा प्रकार, निवडण्याच्या पडद्यावर पोहोचले आणि पुन्हा हीलर, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरणारे पात्र, घेतले की माझ्याबरोबर वर्षानुवर्षे खेळणारी माणसेसुद्धा विचारतात, "पुन्हा हीलरच?" विचारताना आवाजात थोडी कीव तरी असते, नाही तर थोडी चेष्टा तरी. आजवर मी वेळ मारून नेणारी उत्तरे देत आले. त्यांतले सर्वांत सोयीचे उत्तर रांगेचे, म्हणजे गट जमेपर्यंत थांबावे लागते त्या रांगेचे. फायनल फँटसी १४ या ऑनलाइन खेळात आठ जणांच्या गटाला दोन टँक (शत्रूचा मार स्वतःवर झेलणारे), दोन हीलर आणि चार मारा करणारे लागतात. मारा करायला सगळेच उत्सुक असल्यामुळे त्यांना ताटकळावे लागते आणि हीलरला मात्र लवकर बोलावणे येते. हे खरे आहे, पण ते माझे कारण नव्हे. बाल्डर्स गेट ३ मी एकटीच खेळले. तिथे रांग नाही, १२ क्लास समोर मांडलेले आहेत, शॅडोहार्ट या पात्राच्या रूपाने एक क्लेरिक (मंत्रांनी बरे करू शकणारी पुजारीण) अगदी सुरुवातीलाच सोबतीला येते, आणि पुढे अवघ्या १०० नाण्यांत आपला क्लास बदलूनही मिळतो. तरीही मी क्लेरिकच घेतली आणि शेवटपर्यंत बदलली नाही. एकाच तळावर दोन दोन क्लेरिक बाळगणाऱ्या बाईने रांगेची सबब सांगू नये.

दुसरे उत्तर मी तोंड उघडण्याआधी लोकच देऊन टाकतात: बाई आहे, म्हणून हीलर. पुरुष हे कौतुकाने म्हणतात आणि बायका नाराजीने, म्हणजे सेवा करणे घरात कमी पडले की काय म्हणून इथेही तेच, अशा सुरात. दोन्ही ऐकून माझे कान किटले आहेत. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा, या सगळ्यांचा मूळ खेळ आला तेव्हा त्यात लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक असे तीनच क्लास होते. चोरसुद्धा त्यात पुढच्या वर्षी आला. तो पहिला क्लेरिक चिलखत घालून गदा चालवीत असे, मढी आणि सापळे चालून आले की त्यांना पिटाळून लावीत असे, आणि पहिल्या लेव्हलला त्याला एकही मंत्र येत नसे, जखम भरून काढण्याचासुद्धा नाही. त्याला मायाळू म्हणायला कोणी धजावले नसते. एवढा इतिहास मी तोंडपाठ केला तो भांडायला उपयोगी पडावा म्हणून, आणि भांडणात तो उपयोगी पडतोही. फक्त माझ्याविषयी तो काहीच सांगत नाही.

मध्यंतरी याच चिडीतून मी एक वॉरियर घेऊन पाहिला. सहा आठवडे खेळले आणि वाईट खेळले नाही, हे मुद्दाम नमूद करते, कारण 'लढता येत नाही म्हणून मागे उभी राहते' असे म्हणणारेही आहेत. पण पुढे उभे राहणाऱ्याने शत्रूकडे पाहायचे असते आणि माझी नजर सारखी पडद्याच्या डाव्या कडेला गटातल्या प्रत्येकाचा किती जीव उरला ते दाखवणाऱ्या पाच पट्ट्यांकडे वळत असे. मी ज्यांना हरवण्यात सामील होते त्या कित्येक राक्षसांची तोंडे कशी होती हे मला आजही सांगता येणार नाही. शेवटी कोणाची पट्टी किती उरली होती, हे मात्र सांगता येईल. म्हणून मी परत हीलरकडे आले आणि तिसरे उत्तर देऊ लागले: मला माणसांना वाचवायला आवडते. या उत्तरावर माझा स्वतःचाही विश्वास होता.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन खेळाचे हार्डकोअर सर्व्हर २०२३ मध्ये सुरू झाले. तिथे पात्र मेले की मेले. त्या सर्व्हरवर त्याला पुन्हा उठवता येत नाही. मी प्रीस्ट, म्हणजे तिथली हीलर, घेतली, धाकट्या भावाने वॉरियर घेतला, आणि जवळजवळ रोज रात्री थोडे थोडे खेळत दोन महिन्यांत आम्ही ३८व्या लेव्हलपर्यंत आलो. एका रात्री डंजनमध्ये, म्हणजे शत्रूंनी भरलेल्या तळघरात, आम्ही पाच जण होतो. भावाने एका दालनातले चौघे अंगावर घेतले, तोवर सगळे बेतात होते. पण गस्तीवरचे दोघे मागून आले. दुसऱ्याला बरे करण्यानेही शत्रूंचा रोष ओढवतो आणि ज्यांना अजून कोणी हात लावलेला नसतो ते सरळ हीलरवर धावतात, तसे ते दोघे माझ्यावर आले. जादूचे कवच मी नुकतेच स्वतःवर घातले होते. ते फुटले, आणि एकदा घातले की पंधरा सेकंद त्याच माणसावर दुसरे घालता येत नाही. माझी पट्टी निम्म्याच्या खाली गेली होती, भावाची पावापर्यंत आली होती, आणि मॅना, म्हणजे मंत्रांना लागणारी शक्ती, फ्लॅश हील हा जखम भरणारा मंत्र एकदाच म्हणण्यापुरता शिल्लक होता. तो मंत्र दीड सेकंदाचा, आणि म्हणताना मार बसला की आणखी लांबतो. हेडफोनमध्ये भाऊ म्हणाला, "ताई, मला." मी माझ्या स्वतःच्या पट्टीवर क्लिक केले.

पुढचे भराभर झाले. भाऊ पडला, आमच्यातल्या मेजने, म्हणजे जादूगाराने, फ्रॉस्ट नोव्हा हा मंत्र टाकून सगळ्यांचे पाय गोठवले आणि आम्ही चौघे दाराकडे पळालो. चौघेही वाचलो.

हीलर मेला की पाचही जण मरतात, हे कोणीही जुना खेळाडू सांगेल. चार वाचले आणि एक गेला, म्हणजे निर्णय बरोबर ठरला, असे गटातल्या बाकीच्यांनीही सांगितले, आणि हा हिशेब मी भावाला त्याच रात्री दोनदा ऐकवला. पण हिशेब मी नंतर केला. क्लिक करताना माझ्या डोक्यात पाच नव्हते आणि चारही नव्हते. जिच्याकडे मी दोन महिने टक लावून पाहत आले होते, ती भावाची पट्टी मला त्या क्षणी दिसलीच नाही, असे मी काही दिवस लोकांना सांगितले. ते खोटे आहे. ती दिसली होती. तिच्यावरून कर्सर नेऊनच मी माझ्या पट्टीवर आले.

'मला वाचवायला आवडते' म्हणणाऱ्या तेव्हाच्या मला मी आता विचारते, की कोणाला? ती म्हणते, दीड सेकंदावरून माणूस जोखू नये. मान्य; पण मग त्याआधी भावाला शेकडो वेळा वाचवले त्यावरूनही जोखू नये, कारण तेव्हा मॅना भरलेला होता आणि देण्यात माझे काही जात नव्हते. कोणाला द्यायचे हे माझ्या हातात असते आणि चौघांना माझ्या तोंडाकडे पाहावे लागते, तेच मला आवडत असेल काय? ती म्हणते, हे उगाच स्वतःला टोचून घेणे झाले. काही दिवशी मला तिचे पटते, काही दिवशी अजिबात पटत नाही, आणि तुम्ही नेमके कोणत्या दिवशी विचारता यावर तुम्हाला मिळणारे उत्तर अवलंबून असते.

आठवडाभराने भावाने नवा वॉरियर केला. माझी ३८व्या लेव्हलची प्रीस्ट जिवंत होती. तिला तशीच ठेवून मीही त्याच्याबरोबर पहिल्यापासून सुरुवात केली. क्लासच्या पडद्यावर मी मेज आणि हंटर यांच्यावरून कर्सर दोनदा फिरवला, आणि मग प्रीस्ट घेतली. "बरं," एवढेच तो म्हणाला. हा प्रश्न विचारणाऱ्यांत तो कधीच नव्हता आणि आजही नाही. फक्त त्याच्या पिशवीत आता नेहमी जखम भरणाऱ्या औषधाच्या पाच बाटल्या, हीलिंग पोशन, असतात. पूर्वी मिळालेली तो विकून टाकत असे.