वाढ दरसाल १० टक्के

"कायची वाढ?" मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बँकेच्या कर्जासाठी केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टचं पान दोन बोटांत धरून विचारलं. "दरसाल दहा टक्के जास्ती लोक मरतीन, असं लिवलं का याच्यात?"

खरं सांगायचं तर तसंच लिहिलं होतं. सीएकडच्या पोराने एका मंडप-डेकोरेशनवाल्याचा रिपोर्ट उचलून त्यात आमचं नाव टाकलं होतं. एका पानावर तर 'लग्नसराईत मागणी वाढेल' हे वाक्यही तसंच राहून गेलं होतं.

अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात आमचं मयतीच्या सामानाचं दुकान आहे. पाटी नाही, कधी लागलीच नाही. आजेसासऱ्यांचं खरं दुकान कापडाचं. कफनाच्या मांजरपाटासाठी लोक रात्री-बेरात्री दार ठोकायचे, म्हणून त्यांनी मागे चार बांबू ठेवले. मग मडकी आली, सुतळी, राळ, कापूर, गुलाल, सवाष्णीसाठी हिरवी साडी-चोळी आली, आणि मामाजींच्या हाती येईपर्यंत कापडाचं दुकान नावापुरतं उरलं. आमच्या भागात बौद्ध समाज मोठा आहे, त्यांचं पांढरं कापड आणि मेणबत्त्या वेगळ्या. महानुभावांचं तीर्थ रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे त्या पंथाची घरंही बरीच. ते पुरतात, त्यांना लाकडं नकोत. गिऱ्हाईक दारात आलं की मामाजी आधी आडनाव विचारतात आणि मग उठतात. आणखी एक नियम त्यांचाच: तेरवी होईपर्यंत पैशाचं नाव काढायचं नाही. त्या नियमापायी उधारीच्या वह्या किती भरल्या, ते मी लग्न होऊन आल्यावर मोजलं. बी.कॉम. झालेली सून आणली, तिने तेवढं तरी करावं.

मयत थंड ठेवायच्या फ्रीझरपेटीचं डोक्यात आलं ते उन्हाळ्यामुळे. मे महिन्यात इकडे पारा ४५च्या पुढे जातो. म्हातारा-म्हातारी गावात, पोरगं पुण्याला नाहीतर सुरतेला. ते पोचेपर्यंत बर्फाच्या लाद्या रचायच्या, वर भुसा टाकायचा, तरी अंगणभर पाणी आणि घरातल्या बायका नाकाला पदर लावून बसलेल्या. पेटी अमरावतीहून आणावी लागायची, आणि ज्या आठवड्यात सगळ्यांना हवी त्याच आठवड्यात ती कुठेतरी गुंतलेली असायची.

कर्ज प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून काढायचं ठरलं. या योजनेत जुन्या धंद्याला पैसा मिळत नाही, नवीनच उद्योग लागतो. म्हणून दुकान मामाजींचं राहिलं आणि पेटीची सेवा माझ्या नावावर निघाली. त्यात फायदाही होता. ग्रामीण भागात बाईला ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला तेच २५ आणि १०. दोन पेट्या, जनरेटर, स्टॅबिलायझर आणि टिनाचं शेड मिळून ४ लाख ८० हजारांचा प्रकल्प झाला. माझे २४ हजार, अनुदान १ लाख ६८ हजार. हे अनुदान हातात येत नाही हं. ते बँकेत ३ वर्षं अडकवून ठेवतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि धंदा चालू दिसला तर मग कर्जात वळतं होतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, मोबाइलवर फुकटात झाली. नेटकॅफेवाला पाचशे मागत होता, देऊ नका. तिथे धंद्याचा कोड निवडावा लागतो. मला वाटलं आपलं कुठे असणार, 'इतर'मध्ये जाईल. पण ९६०३० हा अंत्यविधीच्याच कामांचा कोड निघाला. जीएसटीची भीती होती, तीही गेली. अंत्यविधीची सेवा, मयत नेण्याची गाडी धरून, जीएसटीच्या कायद्यातच बाहेर ठेवलेली आहे. सामानाच्या विक्रीचं तसं नाही, तो हिशेब वेगळा ठेवावा लागतो. ग्रामपंचायतीचा ग्रामीण भागाचा दाखला, कोटेशन, ऑनलाइन प्रशिक्षण, हे सगळं निघत गेलं.

अडलं ते बँकेत. बँकेचं नाव सांगत नाही, खातं अजून तिथेच आहे. साहेबांनी आधी शेताचा सातबारा मागितला. एवढ्या लहान कर्जाला तारण लागत नाही, असं मी म्हटलं, तर ते योजनेची पुस्तिका पाहतो म्हणाले आणि महिनाभर पाहत राहिले. खरी अडचण चौथ्या फेरीला बाहेर आली. "मॅडम, कर्ज थकलं तर ट्रॅक्टर ओढून आणता येतो. ही पेटी आम्ही आणून ठेवायची कुठे? आणि लिलावात घेणार कोण?"

मला हसूच आलं, पण प्रश्न खोटा नव्हता. घरी येऊन मी रिपोर्ट मोडला आणि मामाजींच्या वह्या काढल्या. कोणत्या महिन्यात किती मयती, कुठल्या गावची, आणि जिथे मामाजींना आठवलं तिथे पुढे एक शब्द: 'थांबवली'. म्हणजे कोणाची तरी वाट पाहत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलेली. मामाजींना जवळपास सगळ्या आठवल्या. जुन्या वहीत असं पान शोधावं लागत होतं, नव्या वहीत दर पानावर दोन-तीन. माणसं काही जास्त मरत नव्हती, थांबवली जास्त जात होती. दहा टक्के वाढीचा तक्ता काढून टाकला आणि हे पान जोडलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांची आई यवतमाळकडे एकटी राहते, हे मला नंतर कळलं. जुलै २०२३मध्ये अर्ज केला होता, मंजुरी जानेवारी २०२४मध्ये आली.

पहिली पेटी गेली एप्रिलच्या शेवटी, बारा किलोमीटरवरच्या गावात. पेटी आधी रिकामी चालवून गार करून घ्यावी लागते, हे कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. काच बाहेरून धुरकट होते, हे सांगितलं नव्हतं. बायका पाया पडायला वाकायच्या आणि त्यांना नुसतं पांढरं दिसायचं. मी कोरड्या ओढणीने दर पंधरा मिनिटांनी चेहऱ्यापुरती काच पुसत बसले. दोनदा लाइन गेली, दोनदा जनरेटर ओढला.

आणि तेवढ्यात कोणाचं तरी लक्ष पेटीच्या बाजूच्या पट्टीकडे गेलं. कर्जाच्या वस्तूवर बँक आपलं नाव लावते, 'नजरगहाण' असं, म्हणजे वस्तू आपल्याकडे पण गहाण बँकेला. शेजारचे एक आजोबा चष्मा वर करून ते मोठ्याने वाचू लागले. मग म्हणाले, "बुढीनं जिंदगीत कोनाचे पाच रुपये ठेवले नाही. अन् पाहा आता."

पट्टी काढता येत नाही, तपासणीला येणारे आधी तीच पाहतात आणि तिच्याशेजारी मला उभं करून फोटो काढतात. मी त्या बाजूला झेंडूची माळ सोडली.

आता पेट्या तीन आहेत. तिसरी आमच्या कमाईची, तिच्यावर काही लिहिलेलं नाही, पण ती दुरुस्तीलाच जास्त असते. ह्यांनी जुनी पिकअप घेऊन तिची शववाहिका करायला काढली आहे, आरटीओच्या परवानगीचं ते वेगळंच रामायण. अनुदान २०२७पर्यंत अडकलेलं. तेरवीचा नियम मामाजींनी सोडलेला नाही, त्यामुळे हप्त्याची तारीख आली की मला उधारीची वही उघडावीच लागते. सामान उतरवणाऱ्या पोट्ट्यांना मात्र आता काही सांगावं लागत नाही. पेटी अंगणात ठेवता ठेवता त्यांच्यातलाच एक हळूच म्हणतो, "बँक भिंतीकडं घे."