जनरल रजिस्टर आणि तेवीस वाढदिवस

स्मरणिकेतल्या मनोगतांत शिक्षकांच्या आठवणी असतात, त्या असायलाच हव्यात. मी मात्र गणिताच्या तासाला मिळालेली एक पद्धत पुढच्या मुलांसाठी नीट लिहून ठेवतो. दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींची यादी, लिहून काढता येतो तोवर सगळे सोपे असते. तो हाताबाहेर गेला की मुले अडतात. तिथे सिम्युलेशन कामी येते: तोच प्रयोग यादृच्छिक अंकांनी पुन्हा पुन्हा करायचा आणि हवी ती घटना किती वेळा घडली ते मोजायचे.

प्रश्न असा घ्यावा: 23 मुलांत निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची संभाव्यता किती? आधी फळ्यावर प्रत्येकाचा अंदाज लिहून घ्यावा. बहुतेक अंदाज फार खाली येतात, कारण जो तो स्वतःच्या वाढदिवसाचा विचार करतो. प्रत्यक्षात 23 जणांच्या 253 जोड्या होतात. अचूक उत्तर 0.507 आहे, पण ते इतक्यात सांगू नये.

पत्र्याच्या डब्यात 0 ते 9 अंकांच्या दहा चिठ्ठ्या टाका. कागद एकसारखा आणि घडीही एकसारखी हवी. एक चिठ्ठी काढा, अंक लिहा, चिठ्ठी परत टाका, डबा हलवा. असे तीनदा केले की तीन अंकी संख्या मिळते. 001 ते 365 म्हणजे वर्षाचा तितकावा दिवस. 501 ते 865 आले तर 500 वजा करा. बाकीच्या संख्या सोडून द्या. वजाबाकीची ही सोय नसेल तर हजारातल्या 635 संख्या वाया जातात. तिच्यामुळे 270च जातात. अशा 23 तारखा झाल्या की एक फेरी पूर्ण. तारीख पुन्हा आली असेल तर 1 लिहा, नाहीतर 0.

चुका ठरलेल्या असतात. हुशार मुले 365ने भागून बाकी घेतात. पण 1000मध्ये 365 दोनदा बसून 270 उरतात, म्हणून 270 दिवसांना तीन-तीन संधी मिळतात आणि 95 दिवसांना दोनच. दोन फासे टाकून महिना ठरवला तर जानेवारी कधीच येत नाही आणि जुलै सर्वांत जास्त येतो. काही जण 365 तारखांच्या चिठ्ठ्या करून काढलेली परत टाकत नाहीत. मग तारीख जुळणारच कशी? उत्तर हटकून शून्य येते, आणि ही चूक वर्गात मुद्दाम करून दाखवावी इतकी बोलकी आहे.

40 मुलांनी प्रत्येकी पाच फेऱ्या केल्या तर 200 होतात. एका मुलाला त्यासाठी सुमारे 160 संख्या काढाव्या लागतात, म्हणून दोन तासिका राखून ठेवाव्यात. 200 फेऱ्यांना प्रमाण त्रुटी, म्हणजे उत्तर साधारण किती इकडेतिकडे होते त्याचे माप, 0.035 असते; बहुतेक उत्तरे तिच्या दुपटीच्या आत राहतात. म्हणजे उत्तर 0.44 आले काय नि 0.57 आले काय, कोणाचे काही चुकले नाही. त्रुटी निम्मी करायची तर फेऱ्या चौपट लागतात. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा फळ्यावरच्या आकड्यांत दिसलेले जास्त टिकते.

यानंतरच संगणकाकडे जावे. एक्सेलमध्ये ‘ए’ ते ‘डब्ल्यू’ हे बरोबर 23 रकाने आहेत. त्यांत रँडबिट्वीन या फंक्शनने 1 ते 365मधल्या यादृच्छिक संख्या भरा. ‘एक्स’मध्ये मोड फंक्शन वापरा: तारीख पुन्हा आली असेल तर ते संख्या देते, नसेल तर एरर. त्यावरून इझनंबर (संख्या आहे का ते तपासणारे) आणि इफ ही फंक्शने लावून 1 किंवा 0 करा. हजार ओळी खाली ओढा आणि सरासरी काढा. एफ-9 दाबले की सगळ्या तारखा नव्याने पडतात. उत्तर बहुतेक वेळा 0.48 ते 0.54मध्ये राहते. वहीत उतरवायचे आकडे आधी पेस्ट स्पेशलने व्हॅल्यूज म्हणून चिकटवा, नाहीतर पुढच्या क्षणी बदलतात.

आता खरी गंमत आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेश घेतलेल्या मुलांच्या नोंदवहीत, आहे. जुन्या पानांवर 1 जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा दिसते. जन्माची नोंद नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या महिन्याची पहिली तारीख घालत. महाराष्ट्रभर हेच झाले आहे. सर्व दिवस सारखेच शक्य हे आपले गृहीतक तिथेच कोसळते. नावे झाकून फक्त तारखा मुलांना द्याव्यात आणि 1 जूनचे प्रमाण मोजायला सांगावे. समजा ते दहा टक्के निघाले. मग एक्सेलच्या प्रत्येक घरात आधी रँड (0 ते 1मधली यादृच्छिक संख्या देणारे फंक्शन) घ्यायचे: 0.1पेक्षा कमी आले तर 152, कारण 1 जून हा वर्षाचा 152वा दिवस. नाहीतर पूर्वीसारखे 1 ते 365. तेवढ्या एका बदलाने 23 मुलांचे उत्तर 0.51वरून 0.84-0.85च्या घरात जाते.