आईला बसता यावे म्हणून

गर्भाशयमुखाचा कर्करोग रेडिएशननंतर दोन वर्षांनी उलटला, तेव्हा आईचे गर्भाशय, योनिमार्ग, मूत्राशय आणि गुदाशय हे सारेच काढावे लागेल, आणि पोटावर लघवी आणि शौचासाठी कायमच्या दोन पिशव्या येतील, असे आम्हाला सांगण्यात आले. पुढचे पाच महिने तिला नीट बसता येणार नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही.

सर्जन अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधून या शस्त्रक्रियेचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या २२ रुग्णांपैकी ५ जण शस्त्रक्रियेपायीच दगावले होते. आज रुग्ण वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली आहे, आणि म्हणूनच वाचल्यानंतरच्या दिवसांविषयी आधी बोलले गेले पाहिजे.

ओटीपोटातली पोकळी रिकामी राहिली, तर आतडी खाली उतरून चिकटतात, पू साचतो, आणि रेडिएशनने रक्तपुरवठा आटलेली जागा सहसा लवकर सांधत नाही. म्हणून आईच्या मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू, त्याची रक्तवाहिनी न तोडता, कातडीखालून वळवून तिथे भरला होता. तो जगला, त्याची कड मात्र अकराव्या दिवशी उसवली. ती जखम पुन्हा शिवायची नव्हती, तळापासून भरून येऊ द्यायची होती. रोज सकाळी आई कुशीवर वळायची आणि मी सलाईनने भिजवलेली गॉजपट्टी चिमट्याने हळूहळू आत सरकवायची. सुरुवातीला हातभर पट्टी आत जायची, चौथ्या महिन्यात बोटभर. तोवर आई ओट्याशी उभी राहून जेवली.

लघवीच्या पिशवीत पांढरे धागे दिसले, तेव्हा आम्ही घाबरून जवळच्या दवाखान्यात धावलो आणि तिथे जंतुसंसर्ग समजून औषधे सुरू झाली. लघवीची वाट लहान आतड्याच्या तुकड्यातून केलेली असते आणि ते आतडे आपला चिकट स्राव सोडतच राहते, हे स्टोमा नर्सने, म्हणजे अशा पिशव्यांची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या नर्सने, नंतर समजावले. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेत दुखू लागले, तर मात्र क्षणभरही थांबायचे नाही, हेही तिनेच बजावले.

आईबाबांच्या सहजीवनाविषयी एकाही तपासणीत कोणी विचारले नाही. योनिमार्गही अशाच स्नायूतून आणि त्वचेतून नव्याने घडवता येतो, हे मला फार उशिरा कळले. आईला ते हवे होते की नाही, ठाऊक नाही. पण निवड तिची होती आणि ती तिच्यासमोर ठेवलीच गेली नाही. साठीच्या बाईला हे काय विचारायचे, असे परस्पर ठरवून टाकणे मला आजही अन्यायाचे वाटते.

गेल्या महिन्यात बाबांनी पाटावर फोमची जाड, सलग उशी ठेवली (मध्ये भोक असलेल्या उशीने जखमेच्या कडा ताणल्या जातात) आणि शेजारी तिचे ताट मांडले. आई मांडी न घालता, पाय पुढे सोडून, ताकभात संपेपर्यंत बसली.