ला तब्लादाचे तीस तास आणि माझा प्रबंध

जिल्हा न्यायालयात अकरा वर्षे फौजदारी वकिली केल्यावर मी एलएल.एम.ला प्रवेश घेतला आणि प्रबंधाचा विषयही हट्टाने स्वतःच निवडला. सशस्त्र संघर्षाच्या काळातल्या तक्रारी मानवी हक्कांच्या संस्थांपुढे येतात, तेव्हा त्या संस्थांनी आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा, म्हणजे मुख्यतः जिनिव्हा करारांचा कायदा, लावावा की लावू नये, हा तो विषय. माझे उत्तर आधीच ठरले होते : लावू नये. हा कायदा लढणाऱ्याला मारण्याची मुभा देतो, त्यामुळे मानवी हक्कांच्या दरबारात तो आणला की सरकारच्याच पथ्यावर पडणार, असे मला वाटे.

मार्गदर्शक मॅडमनी आराखडा वाचून एवढेच विचारले, "ला तब्लादाचा अहवाल तुम्ही मुळातून वाचलाय का, वकीलसाहेब?" वाचला नव्हता. त्याविषयीचे दोन लेख वाचले होते. कोर्टात ज्याला मी ऐकीव पुरावा म्हणून हरकत घेतो, त्याच्यावरच माझे पहिले प्रकरण उभे होते.

हकिकत अशी. 23 जानेवारी 1989 रोजी 42 सशस्त्र व्यक्तींनी अर्जेंटिनात ब्युनोस आयर्स प्रांतातल्या ला तब्लादा येथील लष्करी तळावर हल्ला केला. चकमक सुमारे तीस तास चालली आणि 29 हल्लेखोर व सरकारी पक्षाचेही काही जण मारले गेले. वाचलेल्या हल्लेखोरांच्या वतीने आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार गेली, आणि 18 नोव्हेंबर 1997 रोजी आयोगाने 55/97 या क्रमांकाचा अहवाल दिला.

अहवाल कसा वाचायचा हे मला पहिले आठ दिवस कळले नाही, कारण मी निकाल शोधत होतो. शेवटी सवयीप्रमाणे एका निकाली खटल्याच्या फाइलमधला पाठकोरा कागद घेतला आणि पंचनामा मांडावा तसे तीन रकाने आखले : वेळ, कोण कुठे होते, कोणता कायदा. मग गाडी हलली. आयोगाने आधी ठरवले की ही दंगल किंवा अंतर्गत अशांतता नव्हती. आखून, परस्पर समन्वयाने, थेट लष्करी तळावर केलेला तो सशस्त्र हल्ला होता, म्हणून चकमक तीसच तास चालली तरी जिनिव्हा करारांचे सामाईक कलम 3, म्हणजे देशांतर्गत सशस्त्र संघर्षातही पाळायचे किमान नियम सांगणारे चारही करारांतले एकच कलम, लागू होते. पुढचा मुद्दा मला अधिक मोलाचा वाटला. अमेरिकन मानवी हक्क कराराचे कलम 4 कोणाचाही जीव मनमानीपणे घेऊ नये असे सांगते, पण लढणारा कोण आणि नागरिक कोण हे तो करार कुठेच सांगत नाही. त्यामुळे लढाईतला मृत्यू मनमानी होता का, हे पाहण्यासाठी आयोगाला मानवतावादी कायद्याकडेच जावे लागले.

त्या रकान्यात मी 24 जानेवारीच्या सकाळी, हल्लेखोर शरण आले तिथे, लाल पेनने आडवी रेघ मारली. रेघेच्या वर हल्लेखोर प्रत्यक्ष लढत होते, म्हणून त्यांच्यावर हल्ला करणे कायदेशीर होते, आणि लष्कराने बेकायदा साधने व पद्धती वापरल्याचा त्यांचा आरोप पुराव्याअभावी टिकला नाही. इथपर्यंत माझीच शंका खरी ठरत होती. पण रेघेच्या खाली चित्र पालटते : शस्त्र खाली ठेवलेला माणूस सामाईक कलम 3 च्या संरक्षणाखाली येतो, आणि त्या भागात आयोगाने नऊ जणांची पकडल्यानंतर केलेली हत्या व इतरांचा छळ यांसाठी अर्जेंटिनाला जबाबदार धरले. "ते हल्लेखोर होते" ही सबब साऱ्या घटनाक्रमावर पसरू शकली असती. ज्या कायद्याने तिला वरच्या भागात जागा दिली, त्यानेच तिला रेघेपाशी अडवले. माझा आराखडा मी त्याच संध्याकाळी फाडला.

नव्या उत्साहात नवी चूक झाली. आयोगाची ही भूमिका त्याच व्यवस्थेतल्या आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयानेही उचलली, असे मी गृहीत धरून लिहून टाकले. मॅडमनी समासात फक्त "लास पाल्मेरास?" असे लिहिले. कोलंबियातली ही पोलीस कारवाई 23 जानेवारी 1991 ची. तारीख आणि महिना ला तब्लादाचाच असल्याने माझ्या टिपणांत दोन्ही प्रकरणांची सरमिसळ झाली होती. त्या खटल्यात 4 फेब्रुवारी 2000 रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की राज्याने अमेरिकन कराराचा भंग केला का एवढेच आपण ठरवू शकतो, जिनिव्हा करारांचा भंग झाला असे जाहीर करण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ग्वातेमालाविरुद्धच्या बामाका वेलास्केस खटल्यात, त्याच न्यायालयाने अमेरिकन कराराचा अर्थ लावताना जिनिव्हा करार विचारात घेता येतात असे म्हटले. समोरचे दार बंद केले आणि मागचे उघडे ठेवले, असे मी लिहिले होते. मॅडमनी ते वाक्य काढायला लावले, आणि ते बरेच झाले.

युरोपच्या प्रकरणावर मी फार रेंगाळलो नाही. कातिर-युर्त या चेचेन गावावरच्या बॉम्बहल्ल्याचा निवाडा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2005 मध्ये मानवतावादी कायद्याचा आधार न घेता जीविताच्या हक्कावरच केला, तर 2014 च्या हसन खटल्यात इराकमधली स्थानबद्धता तपासताना जिनिव्हा करार वाचून ब्रिटनचे म्हणणे मान्य केले. पहिला निवाडा मला आजही अधिक धीट वाटतो.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "हे सगळे लॅटिन अमेरिकेचे झाले, आपल्याकडे काय?" मी गोव्याचा मोन्तेरो खटला सांगितला. पोर्तुगीज नागरिकत्व राखलेल्या या धर्मगुरूंनी आपल्याला चौथ्या जिनिव्हा कराराचे संरक्षण आहे असे म्हटले होते; सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये ते अमान्य केले, कारण गोवा भारतात विलीन होताच लष्करी ताबा संपला होता. शिवाय 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 19 प्रमाणे सैन्यदलांविरुद्धच्या तक्रारीत राष्ट्रीय मानवी हक्क आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो आणि त्यावरून शिफारस करतो. घटनाक्रमात लाल रेघ मारण्याइतका तपास त्याला स्वतः करता येत नाही.

प्रबंध मान्य झाला, पण एका दुरुस्तीसह. शीर्षकातले "लागू करणे" हे शब्द काढून तिथे "आधार घेणे" लिहावे, कारण लास पाल्मेरासनंतर पहिला शब्दप्रयोग न्यायालयाच्या बाबतीत चालत नाही, असे परीक्षकांचे म्हणणे पडले. ते बरोबर होते. चार प्रतींची काळी कापडी बांधणी आणि वरची सोनेरी अक्षरे मात्र तोवर तयार होती. बाइंडरकडे त्या पुन्हा नेल्या, तेव्हा त्याने दोन्ही शीर्षके वाचून यात फरक काय असे विचारले, आणि मी दुकानात उभ्या उभ्याच त्याला तो पाठकोरा कागद दाखवला.