मधली जागा

आजीच्या मनगटावरची तुळस हिरवी होती. गोंदणारणीने घातलं होतं काजळ, म्हणजे काळंच. पण काळा रंग कातडीखाली गेला की निळा-हिरवा दिसतो. हे मला सुई हातात आल्यावर कळलं.

टॅटूचं मशीन पहिल्यांदा धरलं ते सारंगखेड्याच्या यात्रेत, घोडेबाजाराच्या कडेला. दत्तजयंतीची थंडी, जनरेटरची घरघर. एका पोराच्या दंडावर 'प्रिती' लिहिलं. वेलांटी चुकली, माझीच. घाबरून बोललो नाही.

पुढे जळगावात दुकान टाकलं. वरची कातडी झडत राहते, म्हणून शाई तिच्या खालच्या थरात जावी लागते, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. वर राहिली तर उडते, खोल गेली तर फुटते. नऊ वर्षं माझं सगळं जग तेवढ्या अंतरात.

मग एकाला हातावर मुक्ताई हवी होती. चेहरा कसा काढावा सुचेना, म्हणून कोथळीला मुक्ताईच्या देवळात जाऊन आलो, तिथून चांगदेव गावाला. तापी-पूर्णेचा संगम, हतनूर धरणाचं फुगलेलं पाणी. ज्ञानदेव वयाने लहान, ज्ञानाने मोठे. मायना काय लिहावा कळेना म्हणून चांगदेवाने कोरंच पत्र धाडलं. चौदाशे वर्षं जगून हा कोराच, असं मुक्ताई म्हणाली. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ही गोष्ट ठाऊक. पण त्या दिवशी काठावर बसून वाटलं, आपल्यापुढे कोरं असं कधी आलंच नाही. गिऱ्हाईक फोटो आणतं, आपण स्टेन्सिल चिकटवतो आणि जांभळ्या रेघेवरून सुई फिरवतो.

कॅनव्हास आणला. तीन आठवडे भिंतीला टेकून पडला. शेवटी मुक्ताई काढली: डोक्यामागे तेजोवलय, साडीला चुण्या, सगळं. बायको म्हणाली, "हाई ते लगनपत्रिकावरनी देवी शे." राग आला, कारण खरं होतं.

मुक्ताई १२९७ साली मेहूणजवळ वीज कडाडली तेव्हा गुप्त झाली असं मानतात. मग जी दिसेनाशी झाली तिचा चेहरा मी कुठून आणणार? आता मधली जागा मोकळी सोडतो आणि भोवती नुसते ठिपके. दिव्याचं काजळ धरतो, डिंकात कालवतो, मांजरपाटावर बारीक ब्रशने टेकवत जातो. कापडावर ते काळंच राहतं. टॅटू काढताना समोरच्याने श्वास सोडला की सुई टेकवायचो. कापड श्वास घेत नाही, म्हणून स्वतःचाच मोजतो. लोक याला साधना म्हणतात. मला तेव्हाही दुकानाचं भाडं आठवत असतं.

हो, दुकान चालूच आहे, आठवड्यातून तीन दिवस. परवा सारंगखेड्याचा तो पोरगा आला, दुसऱ्या दंडावर मुलीचं नाव काढायला. वेलांटीचं सांगून टाकलं. तो हसला, इतक्या वर्षांत दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं म्हणे. मग भिंतीकडे बघून म्हणाला, "भाऊ, हाई मधलं राही गयं का?"

नाही म्हटलं, आणि नव्या सुईचं पाकीट फोडलं. मुलीचं नाव मात्र आधी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं.