चंद्रकळेचं झबलं

५ जानेवारी

भाचीचा फोन आला. धाकटीचं बोरन्हाण संक्रांतीनंतरच्या रविवारी, १८ तारखेला करायचं ठरलंय. "मावशी, हलव्याचे दागिने तयारच आणते, खाऊचं मी बघते. बाहुली मात्र तुझ्या हातची हवी." पोर आत्ताशी चौदा महिन्यांची आहे. मी लगेच हो म्हटलं, आणि फोन ठेवून कपाटातलं मांजरपाट काढून भिजत घातलं.

नवं मांजरपाट न धुता वापरलं तर पहिल्या धुण्याला आटतं आणि शिवणी ओढल्या जातात. रात्री ते चहाच्या पाण्यात उकळलं. लिटरभर पाण्याला चार चमचे पत्ती, वीस मिनिटं. वाळल्यावर जो गव्हाळ रंग येतो तो थेट आमच्या घरातल्या पोरींचा रंग. दुकानातल्या गुलाबी गालांच्या, पिवळ्या केसांच्या बाहुल्या मलाही लहानपणी हव्याशा वाटायच्या. पण मांडीवर घेतलेलं बाळ आपल्यासारखं दिसलं तर त्याला थोपटताना हात वेगळा चालतो, असं मला मनापासून वाटतं.

७ जानेवारी

हात, पाय, धड, डोकं बेतून झालं. अंगभर हातटीप घातली. मशीनवर तासाभरात झालं असतं, पण बोटाएवढ्या हाताच्या गोलाईवर मशीन मला आवरत नाही. गोलाईला कात्रीचे बारीक छेद दिले की उलटवल्यावर चुण्या पडत नाहीत. छेद टाक्यापर्यंत मात्र जाऊ द्यायचा नाही.

फायबर भरायला बसले. आधी हातापायांची टोकं, चिमूटभर चिमूटभर, विणायच्या सुईच्या बोथट बाजूने सारत. मान गच्च भरायची, कारण बाहुली आधी मानेतच मोडते. पोट आणि पाय सैल ठेवायचे. लहान मूल बाहुलीला कमरेत धरत नाही, पाय किंवा हात मिळेल तो धरून ओढत नेतं. मुठीत येईल इतका मऊ पाय हवा.

आज डोळ्यांपाशी येऊन थांबले. काही वर्षांपूर्वी शेजारच्या दीड वर्षाच्या मुलाला मी बाहुली दिली होती. काळ्याभोर चकचकीत बटणांचे डोळे होते तिला. सगळ्यांनी कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी एक डोळा त्याच्या तोंडात सापडला. आईचं वेळेवर लक्ष गेलं म्हणून बोट घालून काढता आला. ती मला एका शब्दाने बोलली नाही. मी त्या रात्री झोपले नाही. दुहेरी दोऱ्याने शिवलं होतं, चार वेळा ओढून पाहिलं होतं, पण दात येत असलेल्या मुलाचा जबडा काय करू शकतो याचा विचार मी केलाच नव्हता.

तेव्हापासून तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटण नाही, मणी नाही, टिकली नाही, घुंगरू तर नाहीच. खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती इतक्या लहान मुलासाठी धोक्याची. म्हणजे साधारण सव्वा इंच. मी पुठ्ठ्याची तशी नळी करून शिवणाच्या डब्यात ठेवली आहे. नुसत्या डोळ्यांनी बघून आपण फसतो. जी वस्तू त्या नळीत सहज शिरते, ती हातात किती मोठी वाटते!

डोळे भरतकामाचेच. डोक्याच्या मध्यावर, किंचित खालीच घ्यायचे, एकमेकांपासून लांब. वर घेतले की बाळाची बाई होते. दोन पदरी काळा दोरा, भरीव टाका, शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका. तो ठिपका पडला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. दरवेळी असं होतं आणि दरवेळी मी सुई खाली ठेवते.

९ जानेवारी

झबल्यासाठी रविवार पेठेतून काळं सुती कापड आणलं होतं. बोरन्हाणाला मुलीला काळं झबलं, म्हणून बाहुलीलाही. धुतलं तर बादली शाईसारखी. तीन वेळा धुतलं, मीठ घातलं, तरी रंग सुटतोच आहे. हे मूल झबल्याची बाही तोंडात घालणार यात शंका नाही. कापड बाजूला ठेवलं.

संध्याकाळी ताईची पेटी उघडली.

ताईला जाऊन दोन वर्षं होतील. नातीला तिने पाहिलं नाही. पेटीत तिची संक्रांतीची चंद्रकळा आहे, काळी सुती, तांबड्या काठाची. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला घेतलेली आणि पुढे वर्षानुवर्षं वापरलेली. निऱ्यांच्या जागी विरली आहे. एक कोपरा कापून गरम पाण्यात बुडवला आणि अर्धा तास बसून राहिले. पाणी जसंच्या तसं. इतक्या धुण्यांनंतर त्या काळ्यात आता सोडण्यासारखं काही उरलं नाही. कापड मऊ इतकं की बोटांना कळतही नाही.

तरी कात्री लावली नाही. भाचीला विचारायला हवं. साडी तिच्या आईची आहे.

१० जानेवारी

भाची स्वतःच आली, मोठ्याला घेऊन. साडी मांडीवर घेऊन बराच वेळ काठावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "पदर ठेव. बाकीचं काप." कापताना माझ्या शेजारीच होती. मी खडूने रेघ मारून तिच्या बाहेरून कापत होते, तर विचारलं, "रेघेवर का नाही कापत?" म्हटलं, शिवणीसाठी अर्धा इंच माया सोडावी लागते. "आई पण असंच म्हणायची," म्हणाली, आणि उठून चहा ठेवायला गेली.

मोठा पाच वर्षांचा आहे. नुकताच चष्मा लागलाय. बाहुलीकडे बघत होता, मग हळूच म्हणाला, "मावशीआजी, मला पण एक. माझ्यासारखा चष्मा असलेला." त्याच्या आजी, म्हणजे आमच्या विहीणबाई, फोनवर होत्या. त्या म्हणाल्या, मुलाला कशाला बाहुली. त्यांचा राग नाही, त्या तशाच वाढल्या. पण मला राहवलं नाही. मुलगा धाकट्या बहिणीला झोपवताना थोपटतो, तिची दुपट्याची घडी करून देतो. त्याने बाहुल्याला थोपटलं तर त्यात काय वाईट आहे? मी त्यांना तसं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग त्याला सदरा निळा कर. त्याला निळा आवडतो."

१३ जानेवारी

दोन दिवस मोठ्याच्या बाहुल्यात गेले. चष्मा नुसता भरला तर चेहऱ्यावरची रेघ वाटतो. त्याला काढता-घालता येणारा हवा होता, कारण तो स्वतः झोपताना काढून उशाशी ठेवतो. शेवटी जाड सुती दोरीला काजटाका घालत दोन गोल केले आणि डोक्यामागून येणारा इलॅस्टिकचा पट्टा लावला. सोबत निळ्या सदऱ्याच्या उरलेल्या तुकड्याचं चष्म्याचं घर. पाच वर्षांच्या मुलाला हे चालतं, धाकटीच्या हाती पडू द्यायचं नाही, हे भाचीला निक्षून सांगितलंय.

मुलांना बाहुलीपेक्षा तिच्या वस्तूंचं जास्त असतं, हे मी अनेक घरांत पाहिलं. चेहरा कितीही देखणा करा, मूल विचारतं, हिचं अंथरूण कुठेय? म्हणून उशी, दुपटं आणि कुंची या तीन गोष्टी मी कधी चुकवत नाही.

रात्री काम करताना दिल्लीचं बाहुल्यांचं संग्रहालय आठवलं. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ साली सुरू केलेलं. हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेसाठी एक बाहुली दिली, तिथून त्यांना या संग्रहाचा नाद लागला. वडील आम्हाला दोघींना घेऊन गेले होते. देशोदेशीच्या बाहुल्या काचेआड ओळीने उभ्या. मी हरखून गेले होते. ताई काचेला नाक लावून उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, "पण यांच्याशी खेळतं कोण?"

आमच्या घरी आजीने केलेली एकच बाहुली होती. दोन काड्या आडव्या-उभ्या बांधून त्यावर चिंध्या गुंडाळलेली, तोंड काजळाने आणि कुंकवाने काढलेलं, केस आजीच्याच जुन्या गंगावनाचे. कुंकू पुसलं गेलं की आजी नवं तोंड काढून द्यायची. ताई रोज रात्री ती कुशीत घ्यायची. मला पहाटे द्यायची.

१६ जानेवारी

दागिने झाले. खरा हलवा लावायचा प्रश्नच नव्हता, मोतीही नाहीत. काळ्या झबल्यावर पांढऱ्या दोऱ्याने गाठीचा टाका घालून गळ्यातला हार, दंडावर बाजूबंद, कमरेला पट्टा असे सगळे दागिने कापडातच भरले. सुईवर दोरा दोनदा गुंडाळला की बारीक दाणा, तीनदा गुंडाळला की हलव्याचा काटा आल्यासारखा दिसतो. हारातच ८४ गाठी आहेत. डोळे दुखले, पण चंद्रकळेवर पांढरं इतकं उठून दिसतं की थांबवेना. तांबड्या काठाची कुंची केली. तिचे बंद बांधून टाके घातले, सुटे लांब बंद गळ्यात अडकतात.

१८ जानेवारी

बोरन्हाण छान झालं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे डोक्यावरून ओतले, मोठी मुलं वेचायला तुटून पडली. लहानांच्या तोंडात काही जाऊ नये म्हणून आम्ही दोघी-तिघी सतरंजीच्या कडेला बसून होतो. धाकटी हलव्याच्या दागिन्यांनी हैराण झाली आणि रडून मुकुट काढून घेतला. तेव्हा भाचीने बाहुली दिली. तिने चेहऱ्याकडे पाहिलंही नाही. पाय धरला, उलटी लोंबकळत खोलीभर फिरवली, मग कुंचीचा कोपरा तोंडात घालून आईच्या मांडीवर झोपली. मोठ्याने आपल्या बाहुल्याचा चष्मा काढून घरात ठेवला आणि त्याला तिच्या शेजारी निजवलं.

निघताना भाची म्हणाली, सगळी लाळेने भिजली आहे, चुरमुऱ्यांची धूळही बसलीय, धुऊन देतेस का, तुला माहीत असतं कसं ते. घरी आणली. आत्ता रात्री कोमट पाण्यात बुडवून हलकेच दाबली, दोन वेळा. बादली दिव्याखाली धरून पाहिली. तळाला एक चुरमुरा होता. पाणी स्वच्छ होतं.