डावीकडची गुरगुर

घरचा स्टिरिओ जोडताना स्पीकरच्या वायरींनी मला काडीचाही त्रास दिला नाही, हे आधीच सांगतो. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर, वायर दीड स्क्वेअर एमएमची, साधी तांब्याची. जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे रोध साधारण ०.१३ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे दोन टक्क्यांच्याही आत आलं, आणि पाच टक्क्यांपर्यंत चालतं असा ठोकताळा आहे. मनगटाएवढी जाड वायर घ्या म्हणणाऱ्यांना हात जोडले आणि अर्ध्या तासात मोकळा झालो.

डोकं फिरवलं ते प्लेअरकडून ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या मीटरभर आरसीए केबलींनी: डावीकडची एक, उजवीकडची एक, दोन्ही मी घरीच बनवलेल्या. चार प्लग, प्रत्येकात सोल्डरचे दोन, असे आठ डाग. त्यात अवघड ते काय, असं वाटलं होतं.

पहिल्याच रात्री डाव्या स्पीकरातून गुरगुर. गाणं व्यवस्थित वाजत होतं, पण त्याच्या मागे मेन्सचा, म्हणजे घरच्या विजेचा, तो ओळखीचा 'हंऽऽ'. मी लगेच निदान करून मोकळा: ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांचं ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडलं गेल्याने येणारी गुरगुर! मग प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले, केबल पॉवरच्या वायरींपासून लांब केली, प्लेअरची जागा बदलली. ढिम्म फरक नाही. मल्टिमीटर लावून चारही प्लग तपासले. सगळीकडे बीप. म्हणजे केबल चोख, दोष ॲम्प्लिफायरचा, असं ठरवून चिडून झोपलो.

दुसऱ्या रात्री सुचलं ते पहिल्याच मिनिटाला सुचायला हवं होतं. डावी केबल उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली. गुरगुर मुकाट्याने उजव्या स्पीकरात गेली. म्हणजे केबलच नासकी. गुरगुर जागेवरच राहिली असती तर यंत्राकडे बोट दाखवता आलं असतं.

पण मीटर बीप का देत होता? टाचणीएवढ्या पिनचा डाग मस्त चकचकीत बसला होता. खोट होती ग्राउंडच्या पत्र्यात, म्हणजे केबलीची बाहेरची जाळी प्लगला जिथे जोडतात तिथे. तो पत्रा जाड, सगळी उष्णता पिऊन टाकतो, आणि माझं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचं, बारीक टोकाचं. कथील वितळून पत्र्यावर नुसतं बसलं, धरलं नाही. मळकट, दाणेदार गोळा. यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. बऱ्याच मीटरना तीसेक ओहम रोध असला तरी बीप द्यायला काही वाटत नाही. शिवाय मी तपासत होतो केबल टेबलावर गप पडलेली असताना. हाताने वाकवली की बीप तुटायचा. आणि गाणं तरीही वाजत होतं, कारण सिग्नलला परतीची वाट उजव्या केबलच्या जाळीवरून मिळत होती. लांबून वळसा घालून, वाटेत मेन्सची गुरगुर गोळा करत.

मग मी त्वेषाने पुन्हा डाग दिला, इतका वेळ आयर्न टेकवून की आतलं प्लास्टिक वितळलं, मधली तार जाळीला चिकटली आणि डावीकडचा आवाजच गेला. एवढं सगळं उलगडून, तिसऱ्यांदा, सुंदर डाग दिला आणि मग दिसलं की प्लगची टोपी टेबलावरच आहे. ती आधी केबलीत ओवायची असते. तिसरी रात्र.

अखेर जमलं ते असं: जाड टोकाचं आयर्न घेतलं. पत्र्याला आधी एकट्यालाच कथील लावलं, जाळी पिळून तिलाही वेगळं लावलं, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंदांत काम. प्लग एका जुन्या, निकामी सॉकेटात खोचून ठेवला की पिन सरळ राहते आणि जास्तीची उष्णता सॉकेट घेतं. आवाज लावला, व्हॉल्यूम वाढवला. शांत! रात्री दीड वाजता एकटाच हसलो.

अजून एक राहिलं. वायर घेताना एखादी तार ब्लेडने खरवडून पाहा. वरून तांबूस आणि आतून पांढरी असेल तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याची वाहकता तांब्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी. उलट बाहेरून चंदेरी, आतून लाल असेल तर कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं आहे, खुशाल घ्या.

आणि स्पीकरच्या वायरींनी त्रास दिला नाही म्हणालो ना, ते पूर्ण खरं नाही. गुरगुर गेल्यावर आठवडाभर मला ढोल पोकळ वाटत होता आणि गाणारा मधे उभा न राहता खोलीभर पसरल्यासारखा. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे जोडले होते. वायरीच्या एका बाजूला त्यासाठीच उठावाची रेघ असते. मी ती पाहिलीच नव्हती.